तारासेआ : अक्रोडाच्या लाकडात बसवलेले हाडाचे तारे

लेखन : शिसवी
विभाग : कला आणि हस्तकला

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त माद्रिदला येऊन मला तीन वर्षं झाली. इथे रेतीरो बागेजवळ सजावटीच्या कलांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे मी पहिल्यांदा बार्गेन्यो पाहिला. बंद असताना तो म्हणजे अक्रोडाच्या लाकडाची एक जड पेटी. उचलायला दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या, पुढे मोठं कुलूप, जाळीदार लोखंडी पट्ट्या आणि त्या जाळीतून दिसणारी लाल मखमल. पुढची फळी खाली उतरवली की तीच लिहायची फळी होते, आणि आत खणच खण. त्यातल्या एकाच्या खणांवर हाडाच्या इवल्या तुकड्यांचे आठ टोकांचे तारे बसवलेले होते. बाहेरून ओबडधोबड आणि आत हे असं! मी त्याच्यासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे.

तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे आणि सुट्टी मिळाली की दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादाला जाते आहे. या फर्निचरबद्दल बोलताना लोक लगेच 'मूरिश' (म्हणजे स्पेनमधल्या मुसलमानी अमलातलं), 'गूढ', 'पौर्वात्य' म्हणून मोकळे होतात. मला वाटतं, ही नक्षी सुताराच्या बाजूने बघितली तरच खरी उलगडते. तिची भूमिती करवत, पटाशी आणि सरस यांतून आलेली आहे.

आधी नाव. या कामाला स्पॅनिशमध्ये तारासेआ म्हणतात (माद्रिदची माणसं 'ताराथेआ' म्हणतात, ग्रानादात 'स' ऐकू येतो). मूळ शब्द अरबी, 'तरसी', म्हणजे जडवणं, बसवणं. आपला 'जडावकाम' त्याला अगदी चपखल बसतो.

काम दोन तऱ्हांनी होतं. जुनी तऱ्हा म्हणजे भरीव लाकडात पटाशीने उथळ खाच कोरायची आणि त्यात हाडाचा, हस्तिदंताचा किंवा वेगळ्या रंगाच्या लाकडाचा तुकडा सरसाने बसवायचा. एकेका ताऱ्यासाठी डझनभर खाचा. कातालोनिया आणि आरागोनकडच्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या पेट्यांवर हाडाचे बारके त्रिकोणी, बदामी तुकडे असे बसवलेले दिसतात. ते चिलगोज्याच्या बीसारखे दिसतात म्हणून तिथे त्या कामाला 'पिन्योनेत' म्हणतात. कातालोनियातल्या नवरीच्या पेटीला उजव्या हाताला एक छोटं दार आणि त्यामागे लहान खण असतात. नवऱ्याच्या पेटीला ते नसतात. दागिने, लेस, बारीकसारीक वस्तू तिथे. आपल्याकडच्या रुखवताच्या ट्रंकेतला चोरकप्पा आठवला मला.

दुसरी तऱ्हा ग्रानादाची खासियत, आणि मला तिचंच जास्त वेड. हाडाच्या, आबनुसाच्या, अक्रोडाच्या, हिरव्या रंगवलेल्या हाडाच्या लांब काड्या करायच्या. कुणाचा छेद त्रिकोणी, कुणाचा चौकटच्या पत्त्यासारखा. त्या ठरावीक क्रमाने जुळवायच्या, सरस लावून दोरीने घट्ट आवळायच्या आणि वाळू द्यायच्या. वाळल्यावर जो ठोकळा तयार होतो, त्याच्या आरपार, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच तारा असतो. मग करवतीने दोनेक मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीवर तोच तारा! मधल्या चौकटी, किनारी, चांदीच्या किंवा पितळेच्या पट्ट्या जुळवून चकत्या पेटीच्या अंगावर चिकटवायच्या, पृष्ठभाग खरवडून सपाट करायचा आणि चपड्याचं पॉलिश हाताने, कापडाच्या बोळ्याने चढवायचं.

म्हणजे नक्षी जी पुन्हा पुन्हा येते, ती केवळ सौंदर्यदृष्टीने नव्हे. एका ठोकळ्यातून चकत्या निघतात, म्हणून ती पुन्हा येते. हे कळलं त्या दिवशी मला त्या खणांकडे नव्याने बघता आलं.

आता भूमिती. दियेगो लोपेस दे आरेनास नावाच्या सुताराने 1633 मध्ये सेविलमध्ये सुतारकामावर एक पुस्तक छापलं. त्यात छताच्या आणि नक्षीच्या कामासाठी लाकडी गुण्यांची (कोन आखायच्या त्रिकोणी साधनांची) पद्धत आहे. 'आठाचा गुण्या' म्हणजे 180 अंशांचे आठ भाग केल्यावर येणारा कोन, साडेबावीस अंश. 'चाराचा गुण्या' 45 अंश. असे मोजके गुण्ये हाताशी असले की आठ टोकांच्या ताऱ्याची सगळी गुंफण लाकडावर उतरवता येते. त्रिकोणमिती नको, कोष्टकं नकोत. या गुंफणीला स्पॅनिशमध्ये 'लासो' म्हणतात, म्हणजे गाठ. अल्हाम्ब्रा, म्हणजे ग्रानादाच्या मुसलमान सुलतानांचा राजवाडा, त्यातल्या कोमारेस दालनाचं छत 8,017 लाकडी तुकड्यांचं आहे. पेटीवरचा तारा आणि ते छत एकाच घरातले, एवढंच की एक सुतार शिडीवर चढलेला आणि दुसरा बाकावर बसलेला.

पण परंपरा अल्हाम्ब्राहून जुनी. माराकेशच्या कुतुबिया मशिदीसाठीचं व्यासपीठ, म्हणजे मिंबर, 1137 मध्ये कोर्दोबात घडवायला घेतलं. जवळपास चार मीटर उंच. सुट्या भागांत ते मोरोक्कोला नेलं आणि तिथे जोडलं. त्यावर हाडाच्या आणि रंगीत लाकडांच्या जडावाचे दहा लाखांहून अधिक तुकडे आहेत. आज ते माराकेशच्याच बदी राजवाड्यात आहे. सोळाव्या शतकातल्या बार्गेन्योच्या खणावरचा तारा बघताना मागे हे चारशे वर्षांचं काम उभं आहे हे डोक्यात ठेवायला हवं.

1492 मध्ये मुसलमानी अमलातलं ग्रानादा ख्रिस्ती राजांच्या हाती पडलं. 1502 मध्ये कास्तिये राज्यातल्या मुसलमानांना धर्मांतर किंवा देशत्याग यांतलं एक निवडावं लागलं. धर्मांतर केलेल्यांना मोरिस्को म्हणत. 1568 ते 1571 आल्पुहारासच्या डोंगरात त्यांचं बंड झालं, ते मोडल्यावर ग्रानादाच्या मोरिस्कोंना कास्तियेभर विखुरलं. 1609 ते 1614 या काळात तर सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढलं. ज्यांच्या भाषेवर, कपड्यांवर, हमामांवर बंदी आली, त्यांच्या कारागिरीला मात्र सरदारांच्या आणि बिशपांच्या घरात मानाची जागा होती. हे वाचताना मला फार त्रास होतो. त्या काळची एक घडीची खुर्ची आहे, समोरून इंग्रजी एक्स अक्षरासारखी दिसणारी, ग्रानादाच्या जडावाची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही एक आहे. हात ठेवायच्या जागेपासून पायांपर्यंत चांदण्या. त्या खुर्चीवर बसणारा माणूस कोण आणि ती घडवणारा कोण, हा विचार मनातून जात नाही.

जाता जाता: 'बार्गेन्यो' हे नाव त्या काळचं नव्हेच. तेव्हा याला नुसतं 'एस्क्रितोरियो', म्हणजे लिहायचं मेज, म्हणत. बार्गेन्यो हे नाव एकोणिसाव्या शतकात रूढ झालं, तोलेदोजवळच्या बार्गास गावावरून.

ग्रानादात आजही तारासेआचे कारखाने आहेत, काही तर अल्हाम्ब्राच्या टेकडीवरच. मी तिथून एक छोटी जुनी पेटी घेतली. तिची पुढची गोष्ट खाली प्रतिसादांत सांगते, कारण ती थोडी दुःखाची आहे.

कुणाच्या घरी, पाहण्यात असं काही आहे का?

------

कातीव :
शिसवीताई, लेख दोनदा वाचला. आमच्याकडे तीन पिढ्या सुतारकाम. ठोकळा करून चकत्या काढायची युक्ती वाचून हात शिवशिवायला लागले. एक विचारतो, हाड आणि लाकूड एकत्र सरसाने धरलं तर पावसाळ्यात सुटत नाही का? लाकूड फुगतं, हाड फुगत नाही.

शिसवी :
कातीवदादा, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. लाकूड रेषेच्या आडव्या बाजूने फुगतं-आकसतं, हाड जवळजवळ तसंच राहतं. म्हणून जुन्या पेट्यांवर जिथे लांब पट्टी आहे तिथलीच पट्टी आधी सुटते, आणि इवल्या तुकड्यांचा तारा शाबूत राहतो. तुकडा लहान तितका त्याच्यावर ताण कमी.
आणि माझ्या पेटीचं तेच झालं. घरी आणल्यावर धूळ होती म्हणून मी ती ओल्या फडक्याने पुसली. संध्याकाळपर्यंत किनारीचे सात तुकडे वर आले होते. जनावराच्या कातडी-हाडाचा सरस पाण्याने विरघळतो, हे मला माहीत असायला हवं होतं. सातही तुकडे डबीत जपून ठेवले आहेत.

गिरगावकर :
आमच्या आजीची चंदनाची शिवणाची पेटी आहे. तिच्यावर असेच षटकोनी-चौकोनी ठिपके, पांढरे, काळे, हिरवे आणि मधून चकाकणारा धातू. घरात तिला 'मुंबईची पेटी' म्हणतात. ती स्पॅनिश असेल का?

शिसवी :
गिरगावकर, ती स्पॅनिश नाही, आणि मला ते ऐकून जास्त आनंद झाला! वर्णनावरून ते सादेली काम वाटतं. सुरतेत आणि मग मुंबईत हे काम चालायचं, पारशी कारागिरांचा त्यात मोठा वाटा. हस्तिदंत, आबनूस, चंदन, कथील, हिरवा रंगवलेला हस्तिदंत यांच्या काड्या जुळवून, चिकटवून, आडव्या कापायच्या. म्हणजे कृती ग्रानादासारखीच. एकोणिसाव्या शतकात या पेट्या इंग्रज कुटुंबांमध्ये फार खपल्या आणि तिकडे त्यांना 'बॉम्बे बॉक्स' म्हणतात. इराणच्या शिराझमध्येही हीच कृती आहे, तिथे तिला 'खातम' म्हणतात. सादेली तिथूनच आली असं परंपरा सांगते. पेटी ओल्या फडक्याने पुसू नका, एवढं माझ्यासाठी करा.

मांडवीकाठ :
गोव्याची बाजू मी मांडतो. इथल्या जुन्या घरांत आणि चर्चमध्ये 'कोंतादोर' नावाची खणांची कपाटं असायची. सतराव्या शतकातली, सागवानावर आबनूस आणि हस्तिदंताचं जडावकाम, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं, आणि पाय म्हणजे नागिणी किंवा जलपऱ्या. लिस्बनच्या प्राचीन कला संग्रहालयात त्यांचे सुंदर नमुने आहेत. 1580 ते 1640 पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या हाताखाली होता, म्हणजे गोवाही. त्यामुळे बार्गेन्यो आणि कोंतादोर एकाच राजवटीखाली घडत होते. आमच्या कोंतादोराला मात्र बहुतेक वेळा पुढची उतरणारी फळी नसते, खण थेट समोर.

शिसवी :
मांडवीकाठ, हे मला जोडताच आलं नव्हतं. आभार. वर्तुळांच्या गुंफणीत आणि आठ टोकांच्या ताऱ्यात फरक आहे, तो तुम्ही नेमका दाखवलात. गोव्याच्या कामात कंपासचं राज्य, ग्रानादाच्या कामात गुण्याचं.

पूर्वकिनारा :
मी न्यू जर्सीत असते. एका लिलावात 'अँटिक स्पॅनिश मूरिश टेबल' म्हणून आठकोनी स्टूलवजा टेबल आहे, शिंपल्याचं जडावकाम, प्रत्येक तुकड्याभोवती बारीक पांढऱ्या धातूची रेघ. किंमत परवडणारी आहे. घेऊ का?

शिसवी :
पूर्वकिनाराताई, घाई करू नका. मोत्याच्या शिंपल्याचे मोठे तुकडे आणि त्यांच्याभोवती कथलाची तार, हे दमास्कसच्या कामाचं लक्षण. सीरियाचं काम स्वतः फार देखणं आहे, कमी मुळीच नाही, पण ते स्पेनचं म्हणून विकणं चूक. स्पॅनिश जुन्या कामात मुख्यतः हाड आणि लाकूड, अक्रोडात बुडवलेलं.
दुसरं असं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया-फ्लोरिडात स्पॅनिश पद्धतीच्या घरांची लाट होती. तेव्हा स्पेनमधून जहाजं भरभरून छतं, दारं, फर्निचर गेलं. वृत्तपत्रांचे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्यासाठी तर अख्ख्या इमारती उचलल्या गेल्या. मागणी एवढी की जुने खण नव्या सांगाड्यात बसवून 'सोळावं शतक' तयार व्हायला लागलं. खण बाहेर काढून बघा. मागची, खालची बाजू कधी खोटं बोलत नाही: हाताच्या रंध्याच्या किंचित खोलगट खुणा, खण घासून झिजलेला मार्ग, एकाच पेटीतल्या सगळ्या खणांचं एकच लाकूड. वर्तुळाकार करवतीच्या कमानदार रेघा दिसल्या तर तो भाग एकोणिसाव्या शतकाच्या आधीचा नाही.

अडगळ :
हाड आणि हस्तिदंत ओळखायचे कसे? गरम सुई टोचायची ना?

शिसवी :
अडगळ, कृपा करून सुई नको! प्लास्टिक ओळखण्याच्या नादात लोकांनी चांगल्या वस्तूंना भोकं पाडली आहेत. भिंग घ्या. हाडात बारीक काळसर ठिपके किंवा रेघोट्या दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. दोन्ही नसेल, सगळं एकसारखं गुळगुळीत असेल, तर प्लास्टिकचा संशय घ्यावा. आजच्या स्वस्त पर्यटकी डब्यांवर ते असतं.
आणि हस्तिदंत निघाला तर कायदा आडवा येतो. साइटिस करारामुळे (धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) तो देशाबाहेर नेणं-आणणं परवान्याशिवाय होत नाही, ब्रिटनमध्ये 2018 चा स्वतंत्र कायदाही आहे. भारतात आणायचा विचार असेल तर आधी नीट चौकशी करा.

इतिहासवेडा :
लेख उत्तम, पण एक हरकत. हे सगळं काम मोरिस्कोंनी केलं असं लेख वाचून वाटतं. 1614 नंतर ते गेले, तरी तारासेआ सुरूच राहिली. मग ती कुणी केली?

शिसवी :
इतिहासवेडा, हरकत रास्त आहे, मी वाक्य नीट मांडायला हवं होतं. 1502 नंतर कास्तियेत कागदोपत्री सगळेच ख्रिस्ती. करारावर ख्रिस्ती नाव दिसलं म्हणून त्या कारागिराचा आजा कोण होता हे कळत नाही. दुसरीकडे ख्रिस्ती सुतार ही गुंफण आधीपासून शिकत होते. सेविलमध्ये सुतारांच्या संघाचे नियम होते, गुंफणीच्या कामासाठी परीक्षा द्यावी लागे. लोपेस दे आरेनास हा त्याच संघातला माणूस. माणसं हाकलली गेली, पण गुण्ये कारखान्यातच राहिले आणि शिकाऊ मुलंही. म्हणून 'हा तारा मुसलमान, हा ख्रिस्ती' अशी विभागणी मी करत नाही. पण ज्यांच्याकडून हे आलं त्यांना घालवून दिलं, ही गोष्ट मी लेखातून काढणार नाही.

इतिहासवेडा :
पटलं. 'मुदेहार' या शब्दाबद्दलही लिहा कधीतरी.

शिसवी :
अरबी 'मुदज्जन' वरून, म्हणजे राहू दिलेला, माणसाळवलेला. ख्रिस्ती राज्यात आपला धर्म राखून राहिलेल्या मुसलमानांसाठीचा शब्द. फर्निचरला तो पुढे कलेच्या इतिहासकारांनी लावला.

त्रिकोणमिती :
शाळेत गणित शिकवतो. आठाचा गुण्या 22.5 अंश, तर दहाचा 18 आणि बाराचा 15. आठचा तारा जास्त का दिसतो हे मुलांना विचारणार आहे. माझं उत्तर: 45 अंश चौरसाच्या कर्णातून फुकट मिळतो, त्याला दुभागलं की झालं. दहासाठी पंचकोन काढावा लागतो.

थेम्सकाठी :
लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जाऊन आलो. तिथे स्पेनमधल्या तोरीहोसच्या राजवाड्याचं लाकडी छत आहे, 1490 च्या दशकातलं. राजवाडा पाडला, छत 1905 मध्ये इथे विकत घेतलं. मान वर करून करून दुखायला लागली. ताई, तुमचं 'एक शिडीवर, एक बाकावर' तिथे उभं राहून कळलं.

कातीव :
शिसवीताई, तीन आठवडे रात्री जागून प्रयोग केला. सागवान आणि बाभूळ. 45 अंशाच्या टोकाच्या, चौकटच्या पत्त्यासारख्या छेदाच्या आठ काड्या काढल्या, टोकाशी टोक जुळवलं. सात बसल्या, आठवी बसेना. फट राहिली. मोजलं तर प्रत्येक काडीत जेमतेम अर्ध्या अंशाची चूक, पण आठ मिळून चार अंश!

शिसवी :
दादा, तीन आठवडे! तुमच्या चिकाटीला नमस्कार. ग्रानादात एका वयस्कर कारागिराला मी नेमकं हेच विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, आठ एकदम चिकटवू नका. चार-चारचे दोन अर्धे करा. सरस पूर्ण वाळू द्या. मग दोन्ही अर्ध्यांची जुळणारी बाजू रंध्याने एका सरळ रेषेत आणा, म्हणजे सगळी चूक तिथेच तासली जाते. नंतर दोन्ही अर्धे एकमेकांना चिकटवून दोरी आवळा. मधला सांधा बारीक नजरेला किंचित दिसेल, तो सगळ्यांच्याच कामात दिसतो.

कातीव :
रविवारी करतो. पहिली चकती कापली की फोटो टाकतो.

गिरगावकर :
आजीच्या पेटीवरही भिंग लावून बघितलं. एका ताऱ्याच्या बरोबर मधून केसाएवढी रेघ गेली आहे. इतकी वर्षं वाटायचं की तो तडा आहे.